चाळिसावी कादंबरी: ‘रेझिंग स्टीम’विषयीच्या मतभेदांचा आढावा

टेरी प्रॅचेट यांच्या ‘गोइंग पोस्टल’ या २००४ सालच्या कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. मॉइस्ट व्हॉन लिपविग हा अट्टल भामटा छातीठोकपणे सांगतो, की मी आयुष्यात कुणाचा जीव घेतलेला नाही. त्याच्यावर पहारा करणारा मातीचा गोलेम त्याला शांतपणे हिशेब ऐकवतो. मॉइस्टच्या फसवणुकीने किती संसार बुडाले, किती जणांच्या तोंडचा घास गेला, त्यापायी किती आयुष्यं वेळेआधी संपली याची बेरीज केली, तर त्याच्या नावावर २.३३८ खून पडतात.

२०१३ साली आलेल्या ‘रेझिंग स्टीम’मध्ये हाच मॉइस्ट एका चकमकीत हातघाईवर येतो, समोरच्यांचे जीव घेतो, आणि कथानक थोड्याच वेळात पुढे सरकतं. ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुतकथांच्या मालिकेचे जुने वाचक हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवतात आणि तिथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. लेखकाला आपलंच पात्र ओळखू येईनासं झालं, असं काहींना वाटतं. नऊ वर्षांत माणूस बदलला आणि जगही बदललं, असं दुसरे म्हणतात. हा प्रश्न एका पात्राचा किंवा एका पुस्तकाचा नाहीच, तीस वर्षं चाललेल्या मालिकेचा आहे, असं तिसऱ्यांचं म्हणणं.

‘रेझिंग स्टीम’ ही मालिकेतली चाळिसावी कादंबरी. ती चांगली की वाईट, एवढ्यापुरता हा वाद असता तर त्याचा आढावा घेण्याची गरज नव्हती. लेखकाच्या आजाराची माहिती असताना त्याचं पुस्तक कसं वाचावं, त्याचं मोजमाप कशाशी करावं आणि प्रेम व परखडपणा एकाच वाचनात कसे सांभाळावेत, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. या मालिकेवर मनापासून जीव असलेला वाचक म्हणून मला ते महत्त्वाचे वाटतात. इथे प्रत्येक बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मालिका कुठून कुठे आली

१९८३ साली ‘द कलर ऑफ मॅजिक’ प्रसिद्ध झाली, तेव्हा डिस्कवर्ल्ड म्हणजे अद्भुतकथांच्या ठरीव साच्यांची मनमुराद थट्टा होती. ताटासारखं सपाट जग चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका महाकाय कासवाच्या पाठीवर. कूर्मावताराच्या आणि दिग्गजांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटत नाही. सुरुवातीच्या पुस्तकांत कथा नावापुरती आणि कोट्या भरपूर होत्या. पुढे तोल बदलत गेला. आंख-मॉरपोर्क हे धुरकट, गजबजलेलं शहर, त्याचा हुकूमशहा लॉर्ड व्हेटिनारी, पहारेकऱ्यांचा प्रमुख सॅम व्हाइम्स, डोंगरातल्या चेटकिणी आणि स्वतः मृत्यू ही पात्रं वाचकांच्या ओळखीची झाली. विनोदाच्या आडून प्रॅचेट न्याय, वंशद्वेष, धर्मवेड, युद्ध आणि पैसा यांविषयी लिहू लागले.

बीबीसीने २००३ साली ब्रिटिश वाचकांच्या आवडत्या पुस्तकांचा कौल घेतला. पहिल्या दोनशेंत प्रॅचेट यांची पंधरा पुस्तकं होती. इतका जीव लावणारा वाचकवर्ग असला की प्रत्येक नव्या पुस्तकाचं स्वागत दणक्यात होतं आणि त्याची झाडाझडतीही तितक्याच बारकाईने होते.

आजच्या वादासाठी मालिकेतलं आणखी एक वळण ध्यानात घ्यायला हवं. ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९९०) मध्ये चित्रपट आणि ‘सोल म्युझिक’ (१९९४) मध्ये रॉक संगीत या जगात घुसतं, धुमाकूळ घालतं आणि शेवटी नाहीसं होतं. जग पुन्हा होतं तसं होतं. ‘द ट्रूथ’ (२०००) मध्ये छापखाना येतो तो मात्र राहतो. ‘गोइंग पोस्टल’मध्ये टपालखातं नव्याने उभं राहतं आणि ‘क्लॅक्स’ ही मनोऱ्यांवरून संदेश धाडणारी यंत्रणा कथेच्या केंद्रात येते. ‘मेकिंग मनी’ (२००७) मध्ये कागदी चलन येतं. ‘रेझिंग स्टीम’मध्ये आगगाडी येते. चेटूक आणि ड्रॅगन यांच्या जगातून मालिका हळूहळू एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली होती.

लेखकाचा आजार

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला ‘पोस्टिरिअर कॉर्टिकल ॲट्रॉफी’ झाल्याचं जाहीर केलं. अल्झायमरचा हा विरळा प्रकार. त्यात मेंदूच्या मागच्या भागावर आधी आघात होतो. डोळे शाबूत असतात, पण दिसलेल्याचा अर्थ लावणं अवघड होत जातं. अक्षरं सापडत नाहीत, टंकलेखन होत नाही, वाचताना ओळ सुटते. बोलण्याची क्षमता मात्र तुलनेने अधिक काळ टिकते.

प्रॅचेट यांनी आजार लपवला नाही. त्यावरच्या संशोधनासाठी त्यांनी दहा लाख डॉलर दिले, माहितीपट केले, स्वेच्छामरणाच्या हक्काविषयी जाहीर बाजू घेतली. लेखन सुरूच ठेवलं, फक्त रीत बदलली. ते तोंडी सांगू लागले. कधी संगणकातली ध्वनिलेखन-प्रणाली, तर कधी त्यांचे सहायक रॉब विल्किन्स ते उतरवून घेत. ‘अनसीन अकॅडेमिकल्स’ (२००९), ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ (२०१०), ‘स्नफ’ (२०११) आणि ‘रेझिंग स्टीम’ ही निदानानंतर आलेली डिस्कवर्ल्डची पुस्तकं. १२ मार्च २०१५ रोजी प्रॅचेट गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘द शेफर्ड्स क्राउन’ ही एकेचाळिसावी आणि शेवटची कादंबरी प्रसिद्ध झाली.

कादंबरीत काय आहे

डिक सिमनेल हा खेड्यातला तरुण कारागीर वाफेवर चालणारं इंजिन बनवतो आणि त्याला ‘आयर्न गर्डर’ असं नाव देतो. त्याचे वडील, लोहार नेड सिमनेल, १९९१ च्या ‘रीपर मॅन’मध्ये वाचकांना भेटलेले आहेत. शहराचा मैला-कचरा उचलून गब्बर झालेला हॅरी किंग पैसा लावतो. रेल्वे व्हेटिनारीच्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून टपाल आणि बँक सांभाळणाऱ्या मॉइस्टला तिथे धाडलं जातं. दुसरीकडे ड्वार्फ या जमातीतले कडवे धर्मगुरू, म्हणजे ग्रॅग, नव्या जगाविरुद्ध उठतात. ते क्लॅक्सचे मनोरे जाळतात आणि ड्वार्फांचा राजा परदेशी गेलेला पाहून सिंहासन बळकावतात. राजाला वेळेत मायदेशी पोचवायचं तर एकच मार्ग उरतो, अजून रूळही पुरते न पडलेली आगगाडी. प्रवासाच्या शेवटी राजा सर्वांसमोर जाहीर करतो, की आपण स्त्री आहोत.

घसरण दिसते, असं म्हणणारे

पहिल्या गटाचं म्हणणं मुख्यतः भाषेविषयी आहे. प्रॅचेट यांच्या ऐन भरातल्या पुस्तकांत न बोललेल्या गोष्टींना मोठं वजन होतं. व्हेटिनारी एखादं सौम्य वाक्य बोलायचा आणि पुढचं समोरच्याला आपोआप कळायचं. या पुस्तकात तो लांबलचक बोलतो, उघड धमक्या देतो, चिडतो. मॉइस्ट, हॅरी किंग, सिमनेल, अगदी आगंतुक पात्रंही सारख्याच लयीत, सारख्याच पूर्ण आणि पल्लेदार वाक्यांत बोलतात. पूर्वी डोळे झाकून ऐकलं तरी कोण बोलतंय ते ओळखू यायचं. ती ओळख पुसट झाली, ही या वाचकांची मोठी खंत आहे.

दुसरा आक्षेप कथेच्या ताणाविषयी. ‘गोइंग पोस्टल’मध्ये रीचर गिल्ट हा मॉइस्टच्या तोडीस तोड भामटा होता, आणि दोघांचा सामना म्हणजे दोन जादूगारांची जुगलबंदी होती. ‘रेझिंग स्टीम’मध्ये रेल्वेला खरा विरोध असा होतच नाही. जमीन मिळते, पैसा मिळतो, लोक इंजिनाच्या प्रेमात पडतात. ग्रॅग क्रूर आहेत, पण त्यांच्यात चेहरा लक्षात राहावा असा प्रतिनायक घडत नाही. कादंबरीचा बराच भाग रेल्वेचा वाढता पसारा सांगण्यात जातो. त्यामुळे अडचण येते, वाढते आणि सुटते हा कादंबरीचा ओघ सैल पडतो, असं हे वाचक म्हणतात.

तिसरा आक्षेप स्वभावरेखांचा, आणि तिथे सुरुवातीला सांगितलेला मॉइस्टचा प्रसंग येतो. ज्या माणसाचं एकमेव शस्त्र जीभ होतं, त्याच्या हाती प्रत्यक्ष शस्त्र आलं तर तो त्याच्या आयुष्यातला मोठा उत्पात ठरायला हवा होता. तो तसा ठरत नाही. हे वाचक निर्दयपणे बोलत नाहीत. अनेकांच्या बोलण्यात आधी कृतज्ञता असते, मग हे दुःख.

पूर्ती पाहणारे

दुसऱ्या गटाचं लक्ष वाक्यांपेक्षा मोठ्या आराखड्याकडे आहे. ‘फीट ऑफ क्ले’ (१९९६) मध्ये चीरी लिटलबॉटम ही ड्वार्फ आपण स्त्री असल्याचं उघड करते, आणि ज्या समाजात सगळ्यांनी दाढी राखून पुरुषांसारखंच दिसायचं तिथे खळबळ माजते. ‘द फिफ्थ एलिफंट’ (१९९९) मध्ये हा प्रश्न राजसिंहासनापर्यंत पोचतो. ‘थड!’ (२००५) मध्ये ड्वार्फ आणि ट्रोल यांचं जुनं वैर मिटवणारा करार होतो. ‘रेझिंग स्टीम’मध्ये राजाच राणी म्हणून उभा राहतो. सतरा वर्षांपूर्वी एका सामान्य पहारेकरणीने उचललेलं पाऊल सिंहासनावर पोचतं. हा धागा ज्यांनी सुरुवातीपासून धरून ठेवला, त्यांच्यासाठी तो क्षण मालिकेतल्या सर्वांत समाधानाच्या क्षणांपैकी आहे.

गॉब्लिन या जमातीचंही तसंच. ‘स्नफ’मध्ये त्यांना जनावरांसारखं वागवलं जातं, आणि त्यांना कायद्याने माणूस मानलं जावं यासाठी व्हाइम्स झगडतो. ‘रेझिंग स्टीम’मध्ये तेच गॉब्लिन क्लॅक्स चालवतात, रेल्वेत काम करतात, शहराला हवेसे होतात. हक्क मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न अद्भुतकथा सहसा घेत नाहीत. इथे तो घेतला आहे.

या गटाला कादंबरीतला आनंदही मोलाचा वाटतो. हे पुस्तक प्रॅचेट यांनी आपल्या आणि विल्किन्स यांच्या वडिलांना अर्पण केलं आहे. दोघेही यंत्रांत रमणारे होते. धातूला हात लावून शिकणाऱ्या, मोजमाप चुकलं तर जीव जाईल हे जाणणाऱ्या सिमनेलच्या चित्रणात ती माया दिसते. ‘आयर्न गर्डर’ भोवती लोक जमतात, तिला डोळे भरून पाहतात. हळूहळू ती नुसतं यंत्र राहत नाही, तिच्यात काही दैवी जागं होतं. हा भाग इंग्रजीतल्या काही वाचकांना अतिभावुक वाटतो. खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहणाऱ्या घरांतून आलेल्या वाचकाला तो समजून घ्यायला सोपा जातो, असा माझा अनुभव आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या इतिहासाच्या आपण इतके जवळ आहोत की गाडी पाहायला जमलेल्या गर्दीचं कुतूहल आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

कादंबरीभर जुनी पात्रं क्षणभर डोकावून जातात. पहिल्या गटाला ती गर्दी वाटते. दुसऱ्या गटाला तो निरोप वाटतो: लेखक आपल्या जगातून फेरी मारतो आहे आणि वाटेत भेटेल त्याचा हात हातात घेतो आहे.

मालिकेचं वय बघणारे

तिसरी भूमिका कमी बोलली जाते, पण विचारात घ्यायला हवी. तिच्या मते ‘रेझिंग स्टीम’मधल्या पुष्कळ अडचणींचं मूळ मालिकेच्या वाटचालीतच आहे. आंख-मॉरपोर्कचा विनोद अव्यवस्थेतून यायचा. पोलिसखातं सुधारलं, टपाल सुधारलं, बँक सुधारली. जे बिघडलेलं होतं ते दुरुस्त होत गेलं आणि विनोदाची खाणही आटत गेली. व्हेटिनारी, व्हाइम्स आणि मॉइस्ट इतके समर्थ झाले की त्यांना अडवू शकेल असं फारसं काही उरलं नाही.

या भूमिकेचा सर्वांत ठोस आधार म्हणजे तारखा. ‘मेकिंग मनी’ निदान जाहीर होण्याआधी प्रसिद्ध झाली. ‘गोइंग पोस्टल’चाच साचा तिथे पुन्हा वापरला आहे, ही तक्रार तेव्हाही होती. उलट ‘नेशन’ (२००८) ही मालिकेबाहेरची कादंबरी आणि ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ निदानानंतर आल्या, तरी अनेक वाचक त्यांना प्रॅचेट यांच्या उत्तम लेखनात धरतात. ‘स्नफ’ला २०१२ साली विनोदी कादंबरीसाठीचा वुडहाउस पुरस्कार मिळाला. म्हणजे २००७ च्या आधीचं चांगलं आणि नंतरचं कमअस्सल, अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

याला पहिल्या गटाचं उत्तर असं: निदान ही आजाराची सुरुवात नसते, आणि आजाराची वाटही सरळ उतरती नसते. एखादं पुस्तक बऱ्या दिवसांत लिहिलं गेलं असेल. तेव्हा तारखांचा पुरावा दोन्हीकडे झुकवता येतो, हे मान्य करावं लागतं.

मजकुराबाहेरचे पुरावे

रॉब विल्किन्स यांनी लिहिलेलं प्रॅचेट यांचं चरित्र २०२२ साली आलं. शेवटच्या वर्षांत लिहिणं किती कठीण होत गेलं आणि सोबतच्या माणसांचा हातभार कसा वाढत गेला, हे त्यात आतल्या माणसाच्या नजरेने आलं आहे. प्रॅचेट यांची पद्धत आधीपासूनच तुकड्यातुकड्यांनी लिहून मग ते सांधण्याची होती. अशा पद्धतीत सगळी कादंबरी एकदम डोक्यात धरून ठेवावी लागते, आणि आजाराने नेमका तिथेच घाला घातला. या चरित्रानंतर पहिल्या गटाच्या निरीक्षणांना वजन आलं. त्याचबरोबर अनेक कडक वाचकांचा सूर मऊ झाला, कारण पानावरच्या प्रत्येक परिच्छेदामागचे कष्ट त्यांना दिसले.

दुसरा पुरावा इतर लेखकांच्या अभ्यासातून येतो. अल्झायमर झालेल्या आयरिस मर्डॉक यांच्या ‘जॅक्सन्स डिलेमा’ (१९९५) या शेवटच्या कादंबरीची त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांशी तुलना करणारा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शब्दसंग्रह आक्रसला होता, वाक्यरचना मात्र फारशी बदलली नव्हती, असं त्यात दिसलं. २००९ साली टोरांटोच्या संशोधकांनी अगाथा ख्रिस्ती यांच्या उत्तरकालीन लेखनात, विशेषतः ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये, शब्दसंपदेची लक्षणीय घट नोंदवली, आणि ख्रिस्ती यांना असा आजार असल्याचं तर कधी निदानच झालेलं नव्हतं. वाचकाला जाणवलेली घसरण कधी कधी मोजताही येते, एवढं यातून कळतं. पण प्रॅचेट यांचा आजार वेगळ्या प्रकारचा होता. त्यात आधी दृष्टीचा अर्थबोध गेला. म्हणून मर्डॉक यांच्याविषयीचा निष्कर्ष जसाच्या तसा प्रॅचेट यांना लावणं धोक्याचं आहे.

तिसरा मुद्दा सांगून लिहिण्याचा. पत्रकारितेतून आलेले प्रॅचेट वर्षानुवर्षं कळफलकावर लिहीत आले होते. पडद्यावरचं वाक्य नजरेखालून घालायचं, एक शब्द काढायचा, कोटी शेवटी आणून ठेवायची, हे काम डोळ्यांनी होतं. बोलून लिहिताना वाक्य लांबतं, आणि वाचता येत नसेल तर छाटणी अवघड होते. हेन्री जेम्स यांनी मनगटाच्या दुखण्यामुळे १८९७ च्या सुमारास तोंडी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या उत्तरकालीन पल्लेदार शैलीचं श्रेय किंवा दोष त्या सवयीला द्यायचा का, याची चर्चा आजही होते. जेम्स यांचा मेंदू तर ठणठणीत होता. तेव्हा ‘रेझिंग स्टीम’मधली लांब वाक्यं आजाराची, की साधनाची, की दोन्हींची, हे वेगळं काढणं अवघड आहे.

काय सुटलेलं नाही

पहिला अनिर्णित प्रश्न मोजमापाचा. ‘रेझिंग स्टीम’ कशाशी ताडायची? ‘गोइंग पोस्टल’, ‘नाइट वॉच’ (२००२) यांसारख्या शिखरांशी ताडली तर ती ठेंगणी दिसणारच. चाळीस पुस्तकांच्या मालिकेतली मधली, सामान्य पुस्तकंही तुलनेत घ्यायला हवीत. ती फारशी घेतली जात नाहीत.

दुसरा प्रश्न माहितीचा. आजार ठाऊक असलेला वाचक प्रत्येक सैल वाक्यात लक्षण शोधतो, किंवा दयेपोटी प्रत्येक सैल वाक्य माफ करतो. दोन्हींत पुस्तक बाजूला पडतं. आजार ठाऊक नसलेला नवा वाचक पानावर जे आहे तेच वाचतो, पण त्याच्याकडे आधीच्या एकोणचाळीस पुस्तकांची आठवण नसते, आणि ही कादंबरी तर त्या आठवणीवरच उभी आहे. दोघांपैकी कुणाचं वाचन अधिक खरं, यावर एकमत नाही, आणि ते होईल असं मला वाटत नाही.

तिसरा प्रश्न हेतूचा. मॉइस्टच्या हातून झालेली हत्या कथेत हलकी का राहिली? ती विसरभोळेपणाची खूण, की रेल्वेसोबत हिंसाही येते हे दाखवायचं होतं आणि ते पुरतं साधलं नाही? पानावरून निर्णय देता येत नाही. प्रॅचेट यांचे कच्चे खर्डे कदाचित काही सांगू शकले असते. पण अपुऱ्या लेखनाचा संगणकातला साठा नष्ट करावा, ही त्यांची इच्छा होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटमधल्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत ती हार्ड डिस्क ‘लॉर्ड जेरिको’ नावाच्या वाफेच्या रोड-रोलरखाली चिरडण्यात आली. त्या लेखनातून उत्तर मिळण्याचा मार्ग बंद आहे, आणि तो लेखकाने स्वतःच्या मर्जीने बंद केला आहे.

मग आज हा वाद कुठे उभा आहे? भाषेची पकड ढिली झाली, हे बहुतेक जाणते वाचक कमी-अधिक प्रमाणात मान्य करतात. मालिकेचे जुने धागे इथे मोठ्या उंचीवर पोचतात, हेही आता पहिल्या गटातले पुष्कळजण मान्य करतात. उरलेला मतभेद या दोन गोष्टींपैकी कशाला किती वजन द्यायचं याचा आहे, आणि ते वजन प्रत्येक वाचक मालिकेत कशासाठी आला होता त्यावर ठरतं. वाक्याच्या धारेसाठी आलेल्याला इथे काही गमावल्यासारखं वाटेल. त्या जगातली माणसं, ड्वार्फ आणि गॉब्लिन पुढे कुठे पोचतात हे पाहायला आलेल्याला इथे पोचल्यासारखं वाटेल.

मला स्वतःला दोन्ही वाटतं. म्हणून हे पुस्तक हाती घेऊ पाहणाऱ्याला मी एवढंच सुचवीन: आधी ‘गोइंग पोस्टल’ वाचा, मग ‘फीट ऑफ क्ले’, ‘थड!’ आणि ‘स्नफ’, आणि त्यानंतरच या गाडीत बसा. २.३३८ हा आकडा ज्याला आठवतो त्याला मॉइस्टचं वागणं खुपेल. दाढीआडून पहिल्यांदा स्वतःचं खरं सांगणारी चीरी ज्याला आठवते, त्याचे डोळे राणीच्या घोषणेपाशी भरून येतील. या कादंबरीचा न्याय करायला दोन्ही आठवणी लागतात.